चेकमधला शहा, टँकरमधले टाके

शहागडच्या नावात दोन भाषा शेजारी नांदतात. ‘गड’ आपला, ‘शहा’ फारसी. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, गोदावरीच्या उत्तर काठावर, धुळे-सोलापूर महामार्गावर हे गाव आहे. पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. ‘शाह’ म्हणजे राजा, आणि फकीर-अवलियांच्या नावाशीही हाच शब्द मानाने जोडला जातो. मराठीत तो बुद्धिबळाच्या पटावरूनही आला. राजावर हल्ला चढवला की इराणी खेळाडू ‘शाह’ असा इशारा देई. त्यातून आपले ‘शह’ आणि ‘काटशह’ निघाले, आणि ‘शाह मात’मधून ‘मात करणे’. ही ‘मात’ फारसीतली ‘हतबल’ या अर्थाची की अरबीतली ‘मेला’ या अर्थाची, यावर पंडितांचे अजून एकमत नाही.

हाच शाह अरबांच्या संगतीने युरोपात गेला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचा ‘स्कॅकस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, इंग्रजीत ‘चेक’. त्याच्या अनेकवचनातून खेळाचे ‘चेस’ हे नाव निघाले. पटावरच्या चौकटींवरून कापडाचे ‘चेक्स’ आले. इंग्लंडच्या राजाचा हिशेब चौकटीचे कापड अंथरलेल्या मेजावर सोंगट्या मांडून होत असे, म्हणून तिथल्या खजिन्याला ‘एक्स्चेकर’ म्हणू लागले. राजाला अडवणे या अर्थावरून नुसते अडवणे, मग तपासणे असा ‘चेक’चा अर्थ पसरला, आणि अठराव्या शतकात हुंडीतली लबाडी पकडण्यासाठी ठेवलेल्या स्थळप्रतीला तेच नाव पडले. बँकेतला चेक तो हा. शहागडचा ऊसवाला कारखान्याचा चेक खात्यात भरतो, तेव्हा त्याच्या गावाच्या नावातला अर्धा भाग त्या कागदावरही असतो. चेकपोस्टवरच्या पाटीवरही असतो.

‘इंग्रजी शब्द’ म्हणून जे आपण बिनदिक्कत वेगळे काढतो, त्यांची कुळे तपासायला बसले की असे वारंवार घडते. इंग्रजीच्या शब्दभांडारातला निम्म्याहून अधिक माल लॅटिन आणि फ्रेंचमधून आलेला आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, तेव्हापासून दरबार, कायदा आणि स्वयंपाकघर यांत फ्रेंच घुसली. पुढे विद्येच्या निमित्ताने लॅटिन आणि ग्रीक आले, व्यापाराच्या निमित्ताने अरबी, पोर्तुगीज, डच, मलय आले, आणि राज्याच्या निमित्ताने हिंदुस्थानी भाषा. घरचे जर्मानिक शब्द उरले ते हात, पाय, पाणी, आई, बाप अशा रोजच्या गोष्टींचे. त्यामुळे शहागडसारख्या हमरस्त्यावरच्या गावात दिवसभर कानावर पडणारे इंग्रजी शब्द गोळा केले, तर त्यांत खुद्द इंग्लंडच्या मातीतले थोडेच निघतील.

रस्त्यावरूनच सुरुवात करावी. ‘बस’ हा पूर्ण शब्दच नाही. लॅटिनमध्ये ‘ओम्निबस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. १८२० च्या दशकात फ्रान्समधल्या नांत शहरात सार्वजनिक घोडागाड्यांना हे नाव पडले आणि १८२९ मध्ये जॉर्ज शिलिबियर याने ते लंडनला नेले. लांबलचक नाव कोण उच्चारणार? लोकांनी पुढचा भाग तोडला आणि शेपूट ठेवले. ते शेपूट म्हणजे चतुर्थीच्या बहुवचनाचा प्रत्यय. मराठीत ‘सर्वांना’मधले ‘सर्वां’ टाकून ‘मी सकाळच्या ‘ना’ने आलो’ म्हणावे, तसा हा प्रकार. गाडी गच्च भरल्यावर कंडक्टर ‘बस!’ म्हणतो, ते ‘बस’ मात्र फारसी आहे, पुरे या अर्थाचे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

पेट्रोल म्हणजे ‘पेत्रा’ अधिक ‘ओलियम’, खडकातले तेल. डिझेल हे माणसाचे आडनाव: रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९० च्या दशकात ते इंजिन घडवले आणि १९१३ मध्ये बोटीच्या प्रवासात तो नाहीसा झाला. चाकाचा ‘टायर’ हे ‘अटायर’ म्हणजे पोशाख या शब्दाचे तुटके रूप मानतात, कारण पूर्वी लाकडी चाकाला लोखंडी पट्ट्यांचा पेहराव चढवीत. पंक्चर काढणाऱ्याच्या पाटीवरचा शब्द लॅटिनमधल्या टोचणे या क्रियापदाचा. वक्तशीर माणसाचे ‘पंक्च्युअल’ त्याच टोकातून निघते. आणि हॉटेल? लॅटिन ‘होस्पिताले’ म्हणजे पाहुण्याची सोय. त्यातून इंग्रजीत हॉस्पिटल, हॉस्टेल आणि हॉटेल अशी तीन भावंडे झाली. मराठीतले ‘इस्पितळ’ही त्याच घरातले, बहुधा पोर्तुगीजांच्या वाटेने आलेले. महामार्गाकडेच्या हॉटेलात मुक्कामाची खोली नसते, चहा-भजी मिळतात. मराठीने शब्द घेतला आणि त्यातली खाट काढून टाकली.

ट्रकच्या मागच्या ‘हॉर्न ओके प्लीज’मध्ये तीन शब्दांचे तीन मुलूख आहेत. ‘हॉर्न’ हा अस्सल जर्मानिक, आणि संस्कृत ‘शृंग’ याचा दूरचा भाऊबंद. म्हणजे रणशिंग आणि ट्रकचा हॉर्न एका मुळावर जाऊन टेकतात. ‘प्लीज’ लॅटिन-फ्रेंच, प्रसन्न करणे या अर्थाचे. ‘ओके’ अमेरिकन. त्याच्या जन्माबद्दल शंभर दंतकथा होत्या. ॲलन वॉकर रीड या अमेरिकन अभ्यासकाने १९६० च्या दशकात जुनी वर्तमानपत्रे चाळून शोध लावला की २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ‘ऑल करेक्ट’ हे मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहून त्याची आद्याक्षरे थट्टेने वापरली होती. पण ते ट्रकच्या मागे, त्या दोन शब्दांच्या मधोमध का येऊन बसले, याच्या साबणापासून रॉकेलपर्यंत नाना गोष्टी सांगतात आणि त्यांतली एकही पुराव्याने उभी राहत नाही. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये ही ओळ लिहायला बंदी घातली, कारण ती उगाच भोंगा वाजवायला चिथावते. ओळ अजून दिसते.

खरा मजकूर मात्र रस्ता सोडून शिवारात उतरल्यावर सापडतो. जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पुरे झाले, डाव्या कालव्याचे पाणी अंबड तालुक्यात खेळले आणि ऊस वाढला. अंकुशनगरचा समर्थ सहकारी साखर कारखाना याच पट्ट्यातला. इंग्रजी ‘शुगर’ हा आपल्या ‘शर्करे’चा नातू आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. ‘शर्करा’ म्हणजे मुळात वाळूचे खडे, कंकर, हे तितकेसे ठाऊक नसते. रसाचे दाणे पडले तेव्हा खड्यांचे नाव त्यांना मिळाले. मग फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’, मध्ययुगीन लॅटिन, फ्रेंच ‘स्युक्र’ आणि अखेर ‘शुगर’ असा तिचा प्रवास झाला. प्राकृतातले ‘सक्खरा’ हे रूप त्याहून आधी ग्रीकांनी उचलले होते. त्यातून आलेल्या लॅटिन शब्दावरून १८७९ मध्ये हाती लागलेल्या कृत्रिम गोडीला ‘सॅकरिन’ म्हटले गेले. केरळात शर्करेचे ‘चक्करा’ झाले, पोर्तुगीजांनी त्याचे ‘जागरा’ केले आणि इंग्रजांनी गुळाला ‘जॅगरी’ म्हटले. एकाच शब्दाची तीन लेकरे तीन बंदरांतून इंग्रजीत उतरली. ‘कँडी’ हे आपले ‘खंड’, तुकडा: फारसी ‘कंद’, अरबी ‘कंदी’, फ्रेंच ‘कांदी’. मराठीत मात्र तिचे नाव खडीसाखर, म्हणजे आपणही खड्यांपाशीच राहिलो.

मसाल्यांची कहाणी अशीच: पिप्पलीची ‘पेपर’, शृंगवेराचे ‘जिंजर’. हे शब्द कोणत्या वाटेने गेले त्याचा थोडा अंदाज इथून करता येतो. शहागडहून नदीच्या वरच्या अंगाला पैठण आहे, सातवाहनांची राजधानी. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तेर या दोन्ही पेठांचा उल्लेख येतो. तिथला माल गाड्यांवरून भडोच बंदरात जाई आणि तिथून पश्चिमेला. मालाबरोबर मालाचे नाव जाणारच.

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण नाव आफ्रिकेचे आहे. मोझांबिकवरून मोसंबी, आणि मोझांबिक हे नाव मुसा बिन बिक नावाच्या अरब शेखावरून पडले असे सांगतात. याच्या उलट, इंग्रजांचे ‘ऑरेंज’ आपल्याकडचे. संस्कृत ‘नारंग’, तोही बहुधा द्राविडी भाषांतून आलेला, फारसीत ‘नारंग’, अरबीत ‘नारंज’, स्पॅनिशमध्ये ‘नारान्हा’. पुढे इटालियन आणि फ्रेंचमध्ये पहिला ‘न’ आधीच्या उपपदाने गिळला. इंग्रजीत तो पोचला तेव्हा गळूनच आला होता. अशी गळती इंग्रजांनी घरच्या घरीही केली आहे: ‘नॅप्रन’चा ‘एप्रन’ झाला आणि सापाला ‘नॅडर’ म्हणत त्याचा ‘ॲडर’. गंमत अशी की रंग म्हणून ‘ऑरेंज’ हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात रुळला. फळ येईपर्यंत त्या रंगाला ते लोक पिवळा-तांबडा म्हणून वेळ मारून नेत होते.

आता ‘हायब्रीड’. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी’, म्हणजे महिको, काढली आणि जालना बियाण्यांचे गाव झाले. त्याच वर्षी संकरित ज्वारीचे पहिले वाण देशात प्रसारित झाले. मराठवाड्यात ‘हायब्रीड’ म्हणजे ज्वारीच. विशेषण नाही, पिकाचे नाव. ‘हायब्रीड खाऊन वाढलेली पोरं’ असे म्हातारी माणसे नव्या पिढीच्या हाडापेरांविषयी म्हणत आली आहेत. या शब्दाचे मूळ लॅटिन ‘हिब्रिडा’: पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांची संतती. हिरव्या ज्वारीत रात्री शिरणाऱ्या रानडुकरांना हाकून ज्यांचा जीव मेटाकुटीला येतो, त्यांना या व्युत्पत्तीची मजा वेगळी सांगायला नको. बाहेरून आलेली आणखी एक ज्वारी इथल्या आठवणीत आहे, १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली लाल ‘मिलो’. खाणाऱ्यांना ते अमेरिकी नाव वाटले. कोश त्याचे मूळ दक्षिण आफ्रिकेतल्या सोथो भाषेत दाखवतात.

कापसाकडे वळले की ‘बीटी’. २००२ मध्ये महिको-मोन्सॅन्टोच्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि हे दोन अक्षरी नाव बांधाबांधावर गेले. त्यातला ‘टी’ हा जर्मनीतला थुरिंगिया प्रांत आहे. १९११ मध्ये अर्न्स्ट बर्लिनर याला तिथल्या पिठातल्या पतंगाच्या आजारी अळीत बीटीचा मूळ जिवाणू सापडला, म्हणून त्याचे नाव ‘थुरिंजिएन्सिस’. जपानमध्ये तो दहा वर्षे आधी दिसला होता. नाव जर्मनीचे लागले. सरकी काढायच्या ‘जिनिंग’मधला ‘जिन’ म्हणजे ‘इंजिन’चाच तुकडा, आणि ‘इंजिन’चे मूळ लॅटिन ‘इंजेनियम’, उपजत बुद्धी. ‘कॉटन’ अरबी ‘कुत्न’वरून. आपला ‘कार्पास’, ज्याचा कापूस झाला, तो ग्रीक-लॅटिनमध्ये ‘कार्पासोस’, ‘कार्बासुस’ होऊन गेला, पण इंग्रजीत टिकला नाही. मुंबईच्या डोंगरी भागात विकले जाणारे जाडेभरडे कापड मात्र ‘डंगरी’ होऊन सतराव्या शतकापासून इंग्रजीत आहे आणि आता कामगारांच्या पोशाखाचे नाव म्हणून परत आले आहे.

मराठीचे स्वतःचे म्हणून इंग्रजीत जे थोडे शब्द गेले, त्यांत ‘मुंगूस’ हा निर्विवाद मानकरी. इंग्रजी ‘माँगूस’ आपल्या मुंगसापासून, हे मोठमोठे कोश मान्य करतात. ‘लूट’ हिंदी-मराठी दोन्हींची. जालना जिल्ह्यातच असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. त्या काळातल्या शिपायांच्या पत्रांतून ‘लूट’, ‘सेपॉय’, ‘बट्टा’ असे शब्द विलायतेत पोचत होते. ‘विलायत’ हा शब्दही पुढे गोऱ्या सोल्जरांच्या तोंडी ‘ब्लायटी’ झाला आणि पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत घरच्या ओढीचे नाव बनला.

या सगळ्यांत जास्त चटका लावणारा शब्द ‘टँकर’. गडांवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी मराठी माणसाला सांगायला नकोत. शिवनेरीची गंगा-जमुना टाकी ट्रेकला जाणाऱ्या पोरांनाही पाठ असतात. सतराव्या शतकात इंग्रज व्यापारी गुजरात-कोकणात आले तेव्हा तलावाला, हौदाला ते ‘टँक’ म्हणू लागले. ‘ऑक्सफर्ड’चा कोश याचे मूळ गुजराती ‘टांकूं’ आणि मराठी ‘टाकें’ यांत पाहतो, आणि पोर्तुगीज ‘तांक’ या शब्दाने त्याला जोड दिली असावी असेही सांगतो. काही जण उलट, पोर्तुगीज शब्दच आधीचा मानतात. भांडण मिटलेले नाही, पण पश्चिम हिंदुस्थानच्या टाक्याचा त्यातला वाटा कोणी नाकारत नाही. १९१५ च्या अखेरीस इंग्लंडात चिलखती रणगाडे बनत होते. गुपित फुटू नये म्हणून ती पाण्याची टाकी असल्याची हूल उठवली, आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्लेरच्या रणात तो गाडा ‘टँक’ या नावानेच उतरला. इकडे पाणी वाहणारी गाडी ‘टँकर’ झाली. गोदाकाठ सोडून चार कोस आत गेले की उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या वाड्यावस्त्या तिची वाट पाहतात. टाके कोरडे पडते तेव्हा टँकर येतो; शब्द एकच, पाणी बाहेरचे.

मराठवाड्यात इंग्रजी शब्द पुण्या-मुंबईच्या वाटेने आले नाहीत, हा मुद्दा या विषयावरच्या लेखनात नेहमी निसटतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा निजामाचा मुलूख होता. दप्तराची भाषा उर्दू. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झाले तेच उर्दू माध्यमाचे, आणि इंग्रजी पुस्तकांसाठी तिथे भाषांतराचे स्वतंत्र खाते होते. त्यामुळे ‘रिपोर्ट’ची ‘रपट’ झाली आणि जुन्या माणसांच्या तोंडी ‘इस्टेशन’, ‘इस्कूल’ राहिले. शहरी मराठी माणूस त्याला हसतो. हसू नये. शब्दाच्या सुरुवातीचा ‘स’चा जोड टाळण्यासाठी पुढे स्वर घेणे ही उर्दूची सवय, तशीच ती स्पॅनिश आणि फ्रेंचचीही आहे. लॅटिन ‘स्कोला’चे स्पॅनिशमध्ये ‘एस्क्वेला’ झाले, फ्रेंचमध्ये ‘एकोल’. इंग्रजीत ‘स्टेट’ आणि ‘इस्टेट’ ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत, एक बिनस्वराचे आणि एक सस्वर. ‘इस्कूल’ म्हणणारी आजी माद्रिदच्या प्राध्यापकाइतकीच शुद्ध बोलते. शाळेच्या या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ ‘फुरसत’ असा आहे, तो मुलांना सांगू नये इतकेच.

व्युत्पत्ती ओळखायची कशी? नुसत्या सारखेपणावर नाही. विहिरीवर पूर्वी मोट चाले, आता मोटर चालते. नाव मिळतेजुळते, काम तेच, जागाही तीच. तरी ‘मोट’चा आणि ‘मोटर’चा काडीइतका संबंध नाही, मोटर म्हणजे लॅटिनमध्ये हलवणारा. इतका पक्का दिसणारा जोडा खोटा निघतो, तर बाकीच्यांचे काय सांगावे! म्हणून अभ्यासक दोन गोष्टी मागतात: ध्वनिबदलाचा नियम, आणि लिखित दाखल्यांची साखळी. सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे सांगितले. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये त्याला नियमात बसवले: मूळच्या ‘प’चा जर्मानिक भाषांत ‘फ’ होतो, ‘त’चा ‘थ’. पितृ-फादर, पाद-फूट, त्रि-थ्री. या नियमाने ‘पशु’ला हुडकत गेले की समोर येते ‘फी’. जुन्या इंग्रजीत ‘फेओह’ म्हणजे गुरेढोरे, मग संपत्ती. फ्रेंचमधून वळसा घेऊन आलेल्या ‘फी’चे मूळही तेच. ‘गोधन’ म्हणणाऱ्या समाजाला हे अवघड वाटू नये. शाळेची फी भरायला बैल विकावा लागतो तेव्हा तर मुळीच नाही.

याच्या उलट टोकाला पु. ना. ओक. व्हॅटिकन म्हणजे ‘वाटिका’, ख्रिश्चॅनिटी म्हणजे ‘कृष्णनीती’ अशा त्यांच्या जुळवण्या अजून मोबाइलवर फिरतात. व्हॅटिकन हे रोममधल्या टेकडीचे ख्रिस्तपूर्व नाव आहे आणि ‘ख्रिस्त’ हा ‘अभिषिक्त’ या अर्थाचा ग्रीक शब्द; मधल्या वाटेचा एकही दाखला ओकांनी दिला नाही. पण अशा कथा फक्त आपल्याकडेच पिकतात असे नाही. उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण या दिशांच्या इंग्रजी आद्याक्षरांचे ‘न्यूज’ झाले, ही इंग्रजांची थाप आहे. ते ‘न्यू’चे साधे अनेकवचन. मुंबईला येणाऱ्या बोटीवर सावलीच्या बाजूच्या खोलीच्या तिकिटावर चार अक्षरे छापत त्यावरून ‘पॉश’ आले, ही दुसरी. तसे एकही तिकीट आजवर मिळालेले नाही. रोमन शिपायांना पगार मिठात मिळे म्हणून ‘सॅलरी’, हेही अर्धवट: शब्दात मीठ आहे, पण मिठाची पोती वाटल्याचा पुरावा नाही. मराठीचा ‘पगार’ या भानगडीत न पडता सरळ पोर्तुगीज ‘पागार’, देणे, यावरून आला, बटाटा, साबण, चावी, लिलाव यांच्याबरोबर.

पुराव्याने काम करणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यांच्या जोडीला टॉमस कँडी होते. (त्यांच्या आडनावाशी खडीसाखर जोडण्याचा मोह आवरावा.) यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ १८८६ चा, त्याचे नावच मोहरमच्या ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाचे गोऱ्या शिपायांनी केलेले विडंबन. ‘ऑक्सफर्ड’चा मोठा कोश १८८४ ला भागाभागाने निघू लागला, पुरा व्हायला १९२८ उजाडले. माधव जूलियन यांचा फारसी-मराठी कोश १९२५ चा, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासूनचा, कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ १९४६ चा. वि. का. राजवाड्यांची प्रतिभा मोठी होती, पण स्थलनामांच्या बाबतीत त्यांचा तर्क पुराव्याच्या चार पावले पुढे धावतो.

भाषाशुद्धीची चळवळ या आढाव्यात टाळता येत नाही. शिवकाळातल्या रघुनाथ पंडितांच्या ‘राज्यव्यवहारकोशा’ने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. सावरकरांनी इंग्रजी आणि फारसी दोन्ही आघाड्या उघडल्या. ‘महापौर’, ‘दिनांक’ हे त्यांचे शब्द रुळले आणि चांगले रुळले. १९६० नंतर राज्याच्या भाषा संचालनालयाने ‘पदनाम कोश’ केला, त्याला थट्टेखोरांनी ‘बदनाम कोश’ म्हटले, तरी त्यातली कितीतरी पदे आज कचेऱ्यांच्या दारांवर आहेत. या चळवळीची खरी अडचण शब्द जड होते ही नव्हे. परका कोण हेच तिने पक्के ठरवले नव्हते. ‘शुगर’ परकी आणि ‘साखर’ आपली, पण फारसीतून वळून आलेली ‘शक्कर’ कोणत्या रांगेत बसवायची? ‘टँक’ हाकलायचा की घरी आणायचा?

आणि शब्द इथे आल्यावर जे होतात त्याचे काय, हा प्रश्न कोशांनी जवळजवळ सोडूनच दिला आहे. खेड्यात ‘लाइट गेली’ म्हणजे वीज गेली. ‘मोटार’ म्हणजे गाडी आणि ‘मोटर’ म्हणजे पंप. एका लॅटिन शब्दाचे मराठीने दोन केले आणि एका काना-मात्रेने त्यांचे काम वाटून दिले. ‘टेन्शन’ हे तारेतही असते आणि माणसातही. जुन्या मराठीचा कोश तुळपुळे आणि फेल्डहाउस यांनी १९९९ मध्ये दिला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचा ऐतिहासिक कोश १९४८ पासून घडतो आहे. गेल्या दोनशे वर्षांत मराठीत आलेल्या इंग्रजी शब्दांचा, प्रत्येक अर्थाच्या पहिल्या लिखित दाखल्यासह आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या फरकासह, असा कोश हवा. त्यासाठी सामग्री भरपूर आहे: वर्तमानपत्रांच्या फायली, सोसायट्यांची दप्तरे, ग्रामपंचायतींचे ठराव, वीज कंपनीकडे केलेले तक्रारअर्ज. पेरणीच्या तोंडावर शहागडच्या शिवारात ‘डीपी’ जळते ती रोहित्राची, आणि त्याच शेतकऱ्याचा मुलगा फोनवर ‘डीपी’ बदलतो तो फोटोचा. या दोन्हींची मराठीतली पहिली नोंद कोणत्या अर्जात, कोणत्या बातमीत आहे, ते शोधायचे काम अजून तसेच पडले आहे.